गवताची बेगमी: आल्प्समधलं एक चीज आणि त्यामागचं वर्ष

मार्च ते मे हे आपल्याकडे वाळवणाचे महिने. कुरडया, सांडगे, पापड उन्हात पडतात, कारण पुढे पावसाचे चार महिने काढायचे असतात. आल्प्स पर्वतात पावसाळ्याच्या जागी हिवाळा असतो, तोही सहा-सात महिन्यांचा, आणि तिथे बेगमी करायची असते गवताची. गवत माणसाला पचत नाही. ते गाईला पचतं, पण गाईनं त्याचं केलेलं दूध दोन दिवसही टिकत नाही. म्हणून दुधातलं पाणी काढायचं, उरलेलं आंबवायचं, दाबायचं, खारवायचं आणि त्याचं वीस-पंचवीस किलोचं चाक करायचं. असं चाक वर्षभर सहज राहतं. शिवाय दुधाचा भार डोंगरावरून खाली न्यायचा त्याऐवजी त्याच्या दहाव्या हिश्शाइतकंच वजन न्यावं लागतं.

इथे उदाहरण घेतलं आहे ते लेतिवा या चीजचं. स्वित्झर्लंडच्या फ्रेंच भाषक व्हो प्रांतात पेई-दाँओ नावाचा डोंगराळ भाग आहे, तिथलं हे छोटं गाव. (नावाच्या शेवटी झेड लिहितात, पण उच्चारत नाहीत.) त्याच नावाचं चीज साधारण सत्तर कुटुंबं करतात. पूर्वी त्यांचा माल ग्रुयेर या प्रसिद्ध स्विस चीजच्या नावानंच जायचा. पण डोंगरावर चुलीवर केलेल्या चीजचं वेगळेपण त्या व्यवस्थेत राखलं जात नाही, असं त्यांना वाटू लागलं. १९३२ साली त्यांनी स्वतःची सहकारी संस्था काढली आणि १९३४ मध्ये गावात पहिलं तळघर बांधलं. दूध संघ आणि साखर कारखान्यांच्या महाराष्ट्राला ही गोष्ट परकी वाटू नये.

त्यांचे नियम मोजके आणि कडक आहेत. दूध कच्चं हवं, म्हणजे पाश्चराइज न केलेलं. ते १० मे ते १० ऑक्टोबर या काळातलंच हवं, आणि समुद्रसपाटीपासून १,००० ते २,००० मीटर उंचीवरच्या कुरणांत चरलेल्या गाईंचं हवं. तापवायचं तांब्याच्या काहिलीत, लाकडाच्या उघड्या जाळावर. गाईंना मुरघास, म्हणजे हवाबंद आंबवलेला चारा, द्यायचा नाही. वरवर पाहता ही जुन्या रीतीची हौस वाटेल. पण यातल्या जवळजवळ प्रत्येक नियमामागे ऋतूचं किंवा जागेचं कारण आहे.

गवताच्या मागे चढत जायचं

उंची १०० मीटरनं वाढली की हवा साधारण ०.६ अंशांनी थंड होते. त्यामुळे डोंगरावर वसंत एकदम येत नाही, तो हळूहळू वर चढतो. १,१०० मीटरवर मेच्या मध्यात जसं कोवळं गवत असतं, तसं १,९०० मीटरवर मिळायला जुलै उजाडतो. गाईसाठी हा फरक फार मोलाचा आहे. कोवळ्या पात्यात प्रथिनं आणि साखर भरपूर असते, तंतू कमी. फुलोरा आला की देठात लिग्निन, म्हणजे लाकूडपणा, भरू लागतो. तेच गवत मग गाईला जास्त वेळ रवंथ करून पचवावं लागतं, दिवसभरात खाणं कमी होतं आणि दूध उतरतं.

म्हणून कुटुंब गाईंसह हलतं. बहुतेकांकडे वेगवेगळ्या उंचीवर दोन-तीन शॅले असतात. शॅले म्हणजे गोठा, चुलाण आणि झोपायची जागा एकाच छपराखाली असलेलं लाकडी घर. मेच्या मध्यात सगळ्यात खालचं, जूनअखेर वरचं, ऑगस्टच्या शेवटी पुन्हा खालचं. तोवर खालच्या कुरणात दुसऱ्यांदा गवत आलेलं असतं. अशा रीतीनं गाईच्या तोंडी साडेचार-पाच महिने कोवळा चारा राहतो. आपल्याकडचे धनगर दिवाळीच्या सुमारास मेंढरं घेऊन देशावरून कोकणात उतरतात आणि पावसाआधी परततात, त्यामागेही चाऱ्याचंच गणित असतं. फरक इतकाच की आल्प्समधली वाट आडवी नसून उभी आहे.

वर जाण्याचं दुसरं कारण खालच्या शेतात आहे, आणि ते जास्त महत्त्वाचं आहे. हिवाळ्यात एक गाय दिवसाला १५ ते १८ किलो वाळलेलं गवत खाते. गोठ्यातले दोनशे दिवस धरले तर गाईमागे ३ ते ३.६ टन झाले. वीस गाईंना ६० ते ७० टन. एवढं गवत कापायला दरीतली सपाट शेतं उन्हाळाभर मोकळी लागतात. गाई वर गेल्या नाहीत तर हिवाळ्याचा चारा त्या जूनमध्येच खाऊन टाकतील. मे महिन्यात गाई वर जाणं आणि जानेवारीत गव्हाण भरलेली असणं ही एकाच हिशेबाची दोन टोकं आहेत.

गवत वाळवणं हेही एक कसबच. जूनमध्ये पहिली कापणी, ऑगस्टमध्ये दुसरी. दोन-तीन दिवस सलग कोरडे मिळतील तेव्हाच पातं चालवायचं. कापलेलं गवत दिवसातून एक-दोनदा उलटायचं आणि पाण्याचा अंश १५ टक्क्यांच्या आसपास आला की माळ्यावर चढवायचं. ओलसर राहिलेलं गवत गंजीत आतून तापतं. बुरशी धरणं हे त्यातलं कमी नुकसान. उष्णता ७० अंशांपुढे गेली तर गंजी आपोआप पेटू शकते, आणि तिच्याबरोबर लाकडी गोठाही जातो. म्हणून भरल्यावरचे पहिले काही आठवडे गंजीत लांब दांड्याचा थर्मामीटर खुपसून पाहत राहतात.

कुरणावर किती गाई न्यायच्या याचंही माप आहे. स्विस हिशेबात एक मोठं जनावर शंभर दिवस चरलं की एक एकक होतं, आणि कुरणाला अशी ठराविक एककं ठरवून दिलेली असतात. गाई जास्त झाल्या तर उतारावरची हिरवळ खुरांनी फाटते, पावसात माती वाहून जाते. कमी झाल्या तर वेगळंच संकट येतं. न खाल्लेलं गवत लोळतं, हिरव्या आल्डरची झुडपं पसरतात आणि कुरण काही वर्षांत रान होतं. आल्प्समधलं फुलांनी भरलेलं हिरवंगार कुरण पाहून ते निसर्गानं आपसूक तसं ठेवलंय असं वाटतं. झाडं वाढू शकतात त्या उंचीपर्यंत तरी ते गाईच्या तोंडानं आणि माणसाच्या विळ्यानंच टिकलेलं आहे. पांढरी व्हेराट्रम ही विषारी वनस्पती गाई टाळतात, त्यामुळे नेमकी तीच माजते. ती हातानं काढावी लागते. गाई जिथे बसतात तिथे शेणाचा खच पडतो आणि रुंद पानांचा आंबटचुका-कुळातला रुमेक्स उगवतो. तो दिसला की समजायचं, शेण एकाच जागी साठतंय, ते पसरवायला हवं.

चांगल्या चाऱ्यात स्विस गुराखी तीन नावं आवर्जून घेतात. एक आल्पाइन पोआ नावाचं आखूड गवत, दुसरं मुटर्न म्हणजे ओवा-जिऱ्याच्या कुळातली सुगंधी वनस्पती आणि तिसरा आल्पाइन प्लँटेन, आपल्या इसबगोलाचा डोंगरी भाऊबंद. अशा मिश्र कुरणातल्या दुधात असंपृक्त मेदाम्लं जास्त असतात, त्यामुळे त्याचा मेद जरा मऊ असतो आणि चीजही तोंडात लवकर विरघळतं. रंगाचं कारण वेगळं. हिरव्या पानातलं बीटा-कॅरोटीन गाईच्या मेदात उतरतं, म्हणून उन्हाळी चीज पिवळं. वाळलेल्या गवतात कॅरोटीन बरंचसं नष्ट झालेलं असतं, म्हणून हिवाळी चीज फिकट. म्हैस कॅरोटीनचं जवळजवळ पूर्ण रूपांतर अ जीवनसत्त्वात करते, त्यामुळे तिला कितीही हिरवा चारा घाला, दूध पांढरंच राहतं.

काहिलीत काय होतं

उन्हाळ्याच्या भरात गाई रात्री चरतात आणि दिवसा ऊन-माश्यांपासून गोठ्यात राहतात. पहाटे चार-पाचला त्यांना गोळा करून धारा काढतात. तीस गाईंनी दिवसाकाठी सरासरी १६ लिटर दिलं तर दूध होतं ४८० लिटर. एक किलो चीजला १० ते १२ लिटर लागतं, म्हणजे साधारण २२ किलोची दोन चाकं. हे काम रोज करावं लागतं, त्याला सुट्टी नाही. दूध साठवून ठेवून परवा एकदम करू, असं कच्च्या दुधाच्या बाबतीत चालत नाही.

संध्याकाळचं दूध रात्रभर उथळ भांड्यांत थंड जागी ठेवतात. वर आलेली थोडी साय सकाळी काढून घेतात आणि खालच्या दुधात सकाळचं ताजं दूध मिसळतात. मग मिश्रण काहिलीत घालून ३१-३२ अंशांपर्यंत कोमट करतात. काहील लाकडी फिरत्या दांड्याला टांगलेली असते. जाळ कमी-जास्त करण्यापेक्षा काहीलच जाळावरून बाजूला सरकवायची. तांब्याचा फायदा दुहेरी आहे. ते उष्णता लवकर आणि सगळीकडे सारखी पोचवतं. शिवाय दुधात उतरणारा तांब्याचा अगदी सूक्ष्म अंश काही नको असलेल्या जिवाणूंना आवरतो.

यानंतर दोन गोष्टी घालायच्या. पहिलं विरजण. ते कालच्याच निवळीचं असतं. चीज काढल्यावर उरलेलं पाणी उबदार ठेवलं की त्यात उष्णता सोसणारे लॅक्टिक जिवाणू वाढतात आणि ती सकाळपर्यंत आंबट होते. आपण रोजच्या दह्यातलं चमचाभर मागे ठेवतो तशीच ही रीत. साधं दही लावणारे जिवाणू इथे चालत नाहीत, कारण पुढे काहील ५७ अंशांपर्यंत जाणार असते. दुसरी गोष्ट रेनेट, म्हणजे दूधपित्या वासराच्या चौथ्या पोटातून काढलेलं विकर.

रेनेट काय करतं ते नीट समजून घ्यायला हवं, कारण पनीर आणि चीज यातला फरक तिथेच आहे. दुधातलं केसीन हे प्रथिन सूक्ष्म गोळ्यांच्या रूपात तरंगत असतं. कदंबाच्या फुलासारखा एकेक गोळा डोळ्यांपुढे आणा, वर सगळीकडे तुरे. या तुऱ्यांवर ऋण भार असतो, म्हणून गोळे एकमेकांना ढकलतात आणि दूध पातळ राहतं. पनीर करताना आपण लिंबू घालतो. आम्लामुळे तो भार नाहीसा होतो, गोळे चिकटतात, पण त्यांना बांधून ठेवणारं कॅल्शियम बरंचसं पाण्यात निघून जातं. रेनेट फक्त तुरे छाटतं. कॅल्शियम जागच्या जागी राहतं, गोळे त्याच्या सांध्यानं जोडले जातात आणि लवचीक, दाबता येईल, पुढे वितळेल असा साका तयार होतो. तव्यावर पनीर वितळत नाही आणि चीज वितळतं, याचं एक मोठं कारण हेच. उकळलेल्या दुधावर रेनेट नीट चालत नाही. उकळताना निवळीतली प्रथिनं त्या तुऱ्यांना चिकटून बसतात आणि छाटणी अडते. घरी चीज करून पाहणाऱ्यांचा पहिला प्रयोग बहुधा इथेच फसतो. टेट्रा पॅकचं दूध घेतलेलं असतं आणि ते घट्टच होत नाही.

अर्ध्या-पाऊण तासात दूध जमतं. जमलं की नाही हे बोटानं पाहतात. बोट आडवं घालून वर उचललं की साका स्वच्छ चिरला पाहिजे आणि चिरेत हिरवट-पिवळी, पारदर्शक निवळी दिसली पाहिजे. निवळी दुधाळ दिसली तर घाई झाली. अशा वेळी कापलं तर मेद आणि प्रथिनाचा चुरा पाण्याबरोबर जातो आणि चीज कमी भरतं. फार थांबलं तर साका इतका टणक होतो की एकसारखा कापला जात नाही, मोठ्या तुकड्यांत पाणी अडकतं. कापायला तारा लावलेली चौकट असते. तिला वीणा म्हणतात, कारण ती दिसतेच तशी. ती फिरवत फिरवत गव्हाच्या दाण्याएवढे कण होईपर्यंत कापायचं. कण जितका बारीक तितकं पाणी जास्त सुटतं आणि तितकं चीज कोरडं व टिकाऊ.

आता काहील पुन्हा जाळावर. हलवत हलवत तीस-चाळीस मिनिटांत तापमान ५६-५७ अंशांवर न्यायचं. घाई करणाऱ्याची चूक इथे होते. जाळ मोठा केला की प्रत्येक कणाची बाहेरची बाजू आवळते, कातडी धरते आणि आतलं पाणी आतच कोंडतं. त्या दिवशी काही कळत नाही. काही महिन्यांनी चाक आतून आंबट, ठिसूळ निघतं किंवा त्याला भेग जाते. योग्य वेळ ओळखायची ती मुठीनं. कण हातात घेऊन दाबले की लाडू वळला पाहिजे आणि अंगठ्यानं चोळला की तोच लाडू दाणा-दाणा मोकळा झाला पाहिजे. लाडू मोकळा होत नसेल तर पाणी अजून आहे. वळतच नसेल तर फार कोरडं झालं.

मग तागाचं कापड एका लवचीक पट्टीला गुंडाळून काहिलीच्या तळाशी सरकवतात आणि सगळा गोळा एकदम उचलून साच्यात घालतात. साधारण वीस तास दाबाखाली, त्यात अनेकदा उलटायचं. या वेळी चाक गरम राहणं फार महत्त्वाचं असतं. आतले जिवाणू अजून कामात असतात. दुधातल्या साखरेचं ते लॅक्टिक आम्ल करत असतात आणि साखर संपेपर्यंत ते काम चालायला हवं. दाराच्या फटीतून गार वारा लागून चाकाची एक बाजू थंड पडली तर तिथे साखर उरते आणि पुढे नको ते जिवाणू तिच्यावर जगतात. शॅलेत चीजचा दाब चुलाणाजवळ असतो तो यासाठीच.

उरलेल्या निवळीत साखर आणि पाण्यात विरघळणारी प्रथिनं असतात. ती जास्त तापवून आम्ल घातलं की मऊ, पांढरं सेराक मिळतं. त्यानंतरही जे उरतं ते डुकरांना. पूर्वापार डुकरंही गाईंबरोबर डोंगर चढत आली आहेत, या पाण्यासाठीच.

मुरघास का नाही

महाराष्ट्रातल्या दूध उत्पादकाला या नियमाचं सगळ्यात जास्त नवल वाटेल. मका कापून, दाबून, हवाबंद आंबवलेला मुरघास आपल्याकडे उन्हाळ्यातल्या चाराटंचाईवरचा चांगला उपाय आहे, आणि दूध रोज विकायचं असेल तर त्यात काही वावगं नाही. पण वर्षभर मुरवायच्या चीजसाठी तो जोखमीचा आहे. कारण एक जिवाणू: क्लॉस्ट्रिडियम टायरोब्युटिरिकम.

हा मातीत राहतो. कापताना चाऱ्याबरोबर माती आली किंवा खड्डा नीट दाबला गेला नाही, तर तो मुरघासात वाढतो आणि बीजाणू सोडतो. बीजाणू गाईच्या पोटातून काही न होता शेणात येतात, शेणातून सडांना लागतात, सडांवरून दुधात पडतात. ५७ अंशांनीच काय, पाश्चरायझेशननंही ते मरत नाहीत. चाक मुरायला लागल्यावर, आत हवा नसताना, ते जागे होतात आणि लॅक्टिक आम्ल खाऊन ब्युटिरिक आम्ल, कार्बन डायऑक्साइड व हायड्रोजन तयार करतात. चाक फुगतं, आतून तडकतं, त्याला खवट घाण वास येतो. हे सगळं दोन-तीन महिन्यांनी कळतं, तोवर त्याच चाऱ्यावरच्या दुधाची शे-दीडशे चाकं तळघरात लागलेली असतात. म्हणून चीजच्या गाईला वाळलेलं गवतच द्यायचं. पनीर आठवड्याभरात संपतं, तिथे या जिवाणूला वेळच मिळत नाही. महाराष्ट्रात आता काही जण मुरवलेलं चीज करू लागले आहेत. त्यांनी चीजच्या गाईंचा चारा वेगळा ठेवावा आणि धार काढण्याआधी सड धुऊन कोरडे पुसण्यात जराही कसूर करू नये.

फुगण्याचा दुसरा प्रकार लवकर दिसतो. दाबातून काढतानाच चाक स्पंजासारखं बारीक भोकांचं निघालं तर दोष धारेच्या वेळच्या अस्वच्छतेचा, शेणातल्या कोलिफॉर्म जिवाणूंचा. आणि कण आंबटच होत नसतील तर आधी विचारावं की गोठ्यात कुठल्या गाईला कासदाहासाठी प्रतिजैविक दिलं होतं का. तिचं एका वेळचं दूधही काहिलीत पडलं तर विरजणातले जिवाणू मरतात. अशी गाय औषधाची मुदत संपेपर्यंत वेगळी दोहायची. नव्यानं व्यायलेल्या गाईचा चीकही पहिले आठ-दहा दिवस बाजूलाच. खरवसासाठी तो उत्तम, पण काहिलीत त्याचं गणित बसत नाही.

उतरण आणि हिवाळा

सप्टेंबरच्या शेवटी, ऑक्टोबरच्या सुरुवातीला कुटुंबं खाली येतात. गाईंच्या शिंगांत फुलं, गळ्यात मोठ्या घंटा. या उतरणीला देझाल्प म्हणतात आणि ती पाहायला गावं लोटतात. आल्प्समधल्या या कुरणहंगामाची युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत २०२३ साली नोंद झाली. आपल्या बैलपोळ्याची आठवण व्हावी असाच हा दिवस.

हंगाम तेव्हाच संपतो याला गाईचं शरीरही कारण आहे. गाय सुमारे नऊ महिने दहा दिवस गाभण असते. फेब्रुवारी-मार्चमध्ये फळवली तर नोव्हेंबर-डिसेंबरात विते. विण्याआधी सहा ते आठ आठवडे तिला आटवायचं असतं, म्हणजे धार बंद करून कासेला विश्रांती द्यायची. तो काळ नेमका सप्टेंबर-ऑक्टोबरात येतो, गवत संपता संपता. आटत आलेल्या गाईचं दूध घट्ट असतं, मेद आणि प्रथिनं जास्त, म्हणून चीज जास्त निघायला हवं असं वाटतं. उलट होतं. अशा दुधात प्रथिनं तोडणारी विकरं वाढलेली असतात, साका कमकुवत बसतो आणि चुरा जास्त जातो. हंगामाच्या शेवटच्या दिवसांत जाणता चीजकार अशा गाईंचं दूध काहिलीत घेत नाही.

हिवाळाभर गाई गोठ्यात, वाळलेल्या गवतावर. दूध निघतं, पण ते गावातल्या डेअरीत जातं. त्याचं काहीही केलं तरी त्याला लेतिवा म्हणता येत नाही. वासरं, शेणखत, कुंपणाचे खांब, पुढच्या उन्हाळ्याचं जळण, ही त्या महिन्यांतली कामं. जळण आधी फोडून वाळवलेलं लागतं. ओल्या लाकडाचा जाळ नुसता धूर करतो, तापमान हाताशी राहत नाही आणि चीजला कडवट धुराचा वास लागतो.

अलीकडच्या वर्षांत या वेळापत्रकाला ताण पडतो आहे तो पाण्याचा. दुभती गाय उन्हाळ्यात दिवसाला ८० ते १०० लिटर पाणी पिऊ शकते, आणि डोंगरावर ते झऱ्यांचंच. २०१५ च्या उन्हाळ्यात व्हो प्रांतातल्या ज्युरा डोंगरांवरच्या कुरणांना सैन्याच्या हेलिकॉप्टरांनी पाणी पोचवावं लागलं. झरा आटला तर गाई लवकर खाली आणाव्या लागतात. मग त्या हिवाळ्यासाठी राखलेलं गवत खातात आणि सुरुवातीला मांडलेला सगळा हिशेब कोलमडतो.

तळघर

शॅलेत केलेली चाकं काही दिवसांतच लेतिवा गावातल्या सहकारी तळघरात येतात. कमीत कमी १३५ दिवस ती तिथे मुरतात. स्प्रूसच्या फळ्या, भरपूर दमट हवा, १२ ते १५ अंशांच्या आसपासचा गारवा. सुरुवातीला वारंवार मिठाच्या पाण्यानं पुसायचं, उलटायचं, पुन्हा फळीवर. त्यामुळे पृष्ठभागावर खारट ओल सोसणारे जिवाणू आणि यीस्ट यांचा तपकिरी, चिकटसर थर वाढतो आणि बुरशीला जागा राहत नाही. मीठ कमी पडलं तर साल बुळबुळीत होते. जास्त झालं तर चाक सुकतं, सालीला चिरा पडतात आणि मुरणं थंडावतं. लाकडी फळी अस्वच्छ असेल असं पुष्कळांना वाटतं. ती धुऊन पूर्ण वाळवून वापरली तर स्टीलपेक्षा बरी. ओल शोषते, गरजेपुरती परत देते आणि सालीवरचे उपयोगी जिवाणू सांभाळून ठेवते.

आत विकरं प्रथिनांचे लांब धागे तोडत राहतात, आणि चव त्यातूनच येते. नीट मुरलेल्या तुकड्यात दाताखाली बारीक कुरकुरीत कण लागतात. ते मीठ नसतं. प्रथिनं तुटून सुटलेल्या टायरोसीनचे ते स्फटिक. काही निवडक चाकं अडीच-तीन वर्षं कोरड्या जागी ठेवतात. ती इतकी कडक होतात की सुरी चालत नाही. मग रंध्यासारख्या पात्यानं पातळ सुरळ्या काढून खातात. त्यांना रेबीब म्हणतात.

तुकडा विकत घेताना सालीवरचा मजकूर पाहावा. कुरणावर उन्हाळ्यात केलेलं ग्रुयेर ‘अल्पाज’ या शब्दासह विकलं जातं. लेतिवा मात्र उन्हाळ्यातलंच असतं, त्याला वेगळं लिहावं लागत नाही. शाकाहारी वाचकांनी रेनेट वासराचं असतं हे ध्यानात घ्यावं. घरी आणल्यावर प्लास्टिकमध्ये घट्ट गुंडाळू नये, साल घामेजते आणि अमोनियाचा वास धरते. तेलकागदात गुंडाळून डब्यात, फ्रिजच्या भाजीच्या कप्प्यात ठेवावं. वर पांढरी बुरशी आली तर तेवढा भाग बोटभर खोल कापून टाकावा, बाकीचं खाता येतं. आणि खाण्याआधी तासभर बाहेर काढून ठेवावं. थंडगार तुकड्यात मेद गोठलेला असतो आणि कुरणातला वास त्या मेदातच असतो.